दोन बोटं फरशी

नांदेड
१२ जून २०२५

अक्का, तुला शरणु.

फोन उचलला जात नाही म्हणून पत्र लिहिते. रोज सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा लावत होते. परवापासून तेही थांबवलं. फोन वाजला की तू त्याच्याकडं बघत बसतेस आणि तुझा शिवांश ‘कोन हाय, कोन हाय’ विचारत राहतो, असं अव्वा म्हणाली. ते काही बरं नाही. अक्षर मोठं काढलं आहे. भागवतमामा पत्र आणून देतील तेव्हा त्यांना वाचायला सांगू नकोस. पोस्टमन म्हणून ते चांगले आहेत, पण आपल्या दारापासून मारुतीच्या पारापर्यंत जाताना वाटेतल्या सगळ्यांना सांगतात. तूच वाच, सावकाश. अव्वा रानात जायची, मला कडेवर घ्यायला घरात कोणी नव्हतं म्हणून तू चौथीनंतर शाळा सोडलीस, आणि त्या चार वर्षांत शिकलेलं सगळं मला दिलंस. मला पहिलं अक्षर तुझ्या हातचं मिळालं आहे. त्यामुळं तुला वाचता येणार नाही असं मी समजत नाही.

मला काही मागायचं नाही. दिवाळीत जे झालं त्याबद्दलही लिहिणार नाही.

कामाचं लिहिते. दिवाळीत, सगळं नीट असताना, तू विचारलं होतंस, ‘मंजे, त्याला घोडा म्हनावं का मासा?’ मी घाईत हसून सोडून दिलं होतं. तर तो समुद्रघोडा मासाच. तोंड घोड्याचं, शेपूट माकडाची, सगळा मिळून माझ्या बोटाहून थोडा मोठा. तमिळनाडूच्या खाली मन्नारचं आखात आहे. तिथल्या बेटांभोवती समुद्रात गवत उगवतं, आणि त्या गवताला शेपटीनं धरून हे मासे उभे असतात. खरंच उभे. म्हणून त्यांची लांबी म्हणत नाहीत, उंची म्हणतात.

आम्ही परवानगीचा कागद घेऊन जातो. अंतोणी अण्णा नावाचे कोळी पाण्यात उतरून घोडा शोधून देतात. तो ओल्या पाटीवर ठेवायचा, शेपूट सरळ करायची, डोक्यावरच्या मुकुटापासून शेपटीच्या टोकापर्यंत माप घ्यायचं, वजन करायचं आणि उचलला तिथंच सोडायचा. शेपूट सरळ होत नाही. ती आपल्या बोटाला वेटोळं घालते आणि सोडत नाही. यांच्यात नर पोटाच्या पिशवीत पिल्लं वाढवतो. हे सांगितलं तेव्हा तू म्हणाली होतीस, ‘मग तुज्या दाजीला एकदा तिकडं दाखवून आन.’

माझं काम एवढंच, की कोणत्या बेटाजवळचे घोडे कोणत्या बांध्याचे आहेत आणि कसे वाढतात ते बघायचं. अंगाचा बांधा तसाच राहून उंची दुप्पट झाली, तर वजन आठपट व्हायला लागतं. कमी झालं तर मासा नुसता लांबला, भरला नाही. जास्त झालं तर आडवा वाढला. कातडीखाली रंगाचा बारीक ठिपका टोचून ठेवतो, म्हणजे पुढच्या वर्षी तोच मासा सापडला तर किती वाढला ते कळतं. यंदा एका बेटाच्या आतल्या, वारा न लागणाऱ्या बाजूचे एकतीस घोडे परत सापडले. सगळे अंदाजापेक्षा चार मिलिमीटर जास्त वाढलेले. सर खूश आहेत. यावर लेख लिहू म्हणाले.

शिवांश कसा आहे? अव्वा म्हणते, बरा आहे, शहाणा आहे, बसवलं तिथं बसतो. मी एवढंच विचारते आहे.

तुझी
मंजू


नांदेड
३ जुलै २०२५

अक्का, शरणु.

मागच्या पत्रात मी एक गोष्ट खरी म्हणून लिहिली, ती खरी नव्हती. तुला त्यानं काही फरक पडत नाही हे मला कळतं, पण तुझ्याजवळ माझ्या हातचं चुकीचं काही राहू नये.

ते घोडे वाढले नव्हते. म्हणजे वाढले, पण चार मिलिमीटर जास्तीचे नाहीत.

संशय वजनामुळं आला. उंची वाढलेली, पण त्या मानानं वजन नाही. कागदावर सगळे घोडे एकदम हडकलेले दिसत होते, आणि मी तर त्यांना हातात धरलेलं. चांगले भरलेले होते. शिवाय वाढ सगळ्यांची सारखी. लहान, म्हातारे, नर, माद्या, सगळे चारच्या आसपास. असं कुठं होत नाही. चुलीवरच्या एका तव्यावरच्या भाकरीसुद्धा सारख्या फुगत नाहीत.

मग मोजायची पाटी काढून बघितली. पहिल्या वर्षी लाकडी होती, पाण्यानं वाकली. दुसऱ्या वर्षी गाड्यांच्या नंबरप्लेटा करणाऱ्याकडून पांढरी प्लॅस्टिकची पाटी कापून आणली आणि तिच्यावर स्टीलची पट्टी मी स्वतः चिकटवली. माशाचं डोकं टेकायला एक ठोकळा असतो, तोही मीच चिकटवला. तो शून्यावर बसायला हवा होता. तो चारवर बसला आहे. म्हणजे मासा पाटीवर ठेवला की मोजायच्या आधीच चार मिलिमीटर वाढलेला. दोनशे बारा मासे मी तसे मोजले आणि एकदाही खाली बघितलं नाही. मी शेपटीच्या टोकाकडं बघत होते, कारण आकडा तिथं वाचायचा असतो.

सरांना सांगायला गेले. बाहेर तीन वेळा पाणी प्यायले. सरांनी पाटी हातात घेतली, चष्मा वर केला, बराच वेळ बघितलं.

‘कुणी चिकटवलं?’

‘मी, सर.’

‘चूक सापडली हे बरं झालं, असं म्हणायची पद्धत आहे,’ सर म्हणाले. ‘मला अजून तसं वाटत नाही. उद्या वाटेल. सगळ्यातून चार वजा करा.’

वजा करून झालं. दोन दिवस लागले. माशांचं तेवढ्यावर भागलं.

पण अक्का, वजाबाकी करताना मी वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवलं होतं: शून्य कुठून धरलं? आणि ते वाचलं की मला सारखं दुसरंच काहीतरी आठवतं आहे. पक्कं झालं की लिहीन. पक्कं नसताना लिहिणं बरं नाही.

मंजू


नांदेड
९ जुलै २०२५

अक्का,

आज सरळ लिहिते. पत्र दोनदा फाडलं आहे.

आपल्या अंगणवाडीच्या दाराची चौकट आठव. उंची मोजायच्या सरकारी पट्टीचा सरकता तुकडा पोरांनी हरवला, तेव्हा मी बारावीत होते. तू म्हणालीस, ‘तू शिकलेली हाईस, कायतरी कर.’ मी टेप घेऊन, तुझं लाल नेलपॉलिश घेऊन, चौकटीवर खुणा केल्या. दर पाच सेंटिमीटरला एक रेघ, बाजूला आकडा. तू टेपचं खालचं टोक शहाबादी फरशीवर अंगठ्यानं दाबून धरलं होतंस. तेव्हापासून आजपर्यंत गावातली सगळी लेकरं त्या चौकटीला पाठ लावून मोजली गेली.

दोन वर्षांखाली, तेवीसच्या उन्हाळ्यात, ग्रामपंचायतीनं नवी फरशी घातली. जुनी उखडली नाही. तिच्यावरच सिमेंट ओतून गुळगुळीत पांढरी बसवली. दार अडायला लागलं. तू मडिवाळप्पा सुताराला बोलावलंस आणि त्यानं दार खालून दोन बोटं कापलं. कापलेली पट्टी तू घरी नेऊन चुलीत घातलीस, मला हसत सांगितलंस की सागवान हाय, चहा लई ग्वाड झाला.

दार कापलं. खुणा होत्या तिथंच राहिल्या.

जमीन दोन बोटं वर आली, म्हणजे लेकरू दोन बोटं वर उभं राहतं. त्याचं डोकं वरच्या रेघेला लागतं. आपण रेघ वाचतो.

एक काम कर. शाळेच्या दप्तरातली साधी पट्टी घे आणि ज्या रेघेपुढं मी ५० लिहिलं आहे ती जमिनीपासून खरंच पन्नासवर आहे का बघ. माझ्या अंदाजानं सेहेचाळीसवर असेल. माझा अंदाज चुकला असेल तर मला फोनवर काय वाटेल ते बोल, मी ऐकून घेईन.

त्या वर्षी आपली सात लेकरं तक्त्यावर एकदम पिवळ्या, म्हणजे कुपोषणाच्या रंगात गेली होती, आठवतं? वजनं तीच होती. सेविकाबाई म्हणाल्या, ‘उंच झाली गं, म्हणून बारीक दिसून राहिली.’ आणि त्याच वर्षी उंचीवाढीत तालुक्यात पहिली म्हणून जळकोटला तुझा सत्कार झाला. बाई अहमदपूरहून आठवड्यात दोन दिवस येतात, बाकी सगळं मदतनीस म्हणून तूच करतेस, म्हणून त्यांनी तुलाच स्टेजवर पाठवलं. शाल, नारळ, प्रमाणपत्र. तो फोटो मीच फ्रेम करून आणला. रजिस्टरातले आकडेही तुझ्या वहीवरून मीच उतरवायचे. सुट्टीत आले की पहिलं ते काम. सगळे आकडे माझ्या अक्षरात आहेत.

शिवांशचे मला पाठ आहेत. फरशीच्या आधी मार्चमध्ये चौऱ्याऐंशी. पुढच्या मार्चमध्ये ब्याण्णव. वर्षात आठ. आपण दोघी किती खूश झालो होतो. अकरा वर्षांनी झालेलं लेकरू, त्याची उंची लिहिताना मी पेन बदललं होतं.

त्या आठातले चारच त्याचे आहेत, अक्का.

मंजू


नांदेड
२८ जुलै २०२५

अक्का,

काल अव्वाचा फोन आला होता. ती काय बोलली ते तुला माहीत असेलच, तुझ्या ओट्यावर बसूनच बोलत असणार, कारण मागं शिवांशच्या वाटीचा आवाज येत होता.

‘तू काय लिहून राहिलीस तिला?’

‘फरशीचं लिहिलं, अव्वा.’

‘ती लई रडली. मग लई शिव्या दिल्या. मग जेवली.’

‘पट्टी लावून बघितली का तिनं?’

‘पट्टीचं मला काय विचारतीस? लेकरू गुबगुबीत हाय. गाल बघ त्याचे. दुसऱ्याची पोरं उन्हात बोंबलत हिंडतात, हे एका जागी बसतंय. कुनाच्या अध्यात न्हाई मध्यात न्हाई.’

‘तेच तर. एवढं लहान लेकरू एका जागी का बसतं?’

‘मंजुश्री,’ अव्वा म्हणाली. तिनं पूर्ण नाव घेतलं की मी गप्प होते. ‘आपल्यात कुनी उंच हाय का? तुजा बाप केवढा होता? दाजी केवढा हाय? बैलगाडीला उंट कुठून जुपायचा?’

मला हसू आलं आणि तिनं फोन ठेवला.

दिवाळीबद्दल लिहिणार नाही म्हटलं होतं. ते पाळता येत नाही, कारण मी काहीतरी लपवलं आहे.

त्या दुपारी शिवांश निजला होता. मी त्याच्याजवळ बसले होते आणि टेप माझ्या पिशवीत होता. हौस म्हणून मोजलं, एवढंच. बेटावरून आल्यापासून मला जे दिसेल ते मोजायची सवय लागली होती. टाचेला एक टोक, डोक्याला एक टोक. तेवढ्यात अव्वा आली आणि तिनं टेप हिसकावला. ‘निजलेल्याचं माप पुरायच्या खड्ड्यासाठी काढतात,’ म्हणाली. तू चुलीजवळून उठून आलीस. मी तेव्हाच पाया पडायला हवं होतं. त्याऐवजी मी म्हणाले, असं काही नसतं, अक्का, ही अंधश्रद्धा आहे. बारा दिवसांनी त्याला ताप आला, उदगीरला आठ दिवस सलाईन लागलं, आणि तू मला सांगितलंस की माझ्या उंबऱ्याला पाय लावू नको. तुझ्या जागी मी असते तर मीही तेच म्हणाले असते.

लपवलं ते हे. त्या दिवशी टेपवर एक्क्याण्णव आलं होतं. मी वहीत लिहिलं. मग आठवलं की पंधरा दिवसांपूर्वीच रजिस्टरात मी पंचाण्णव लिहिलं आहे. मला वाटलं, निजलेलं लेकरू, पाय आखडले असतील, घाईत मोजलं, मीच चुकले. मी एक्क्याण्णव खोडलं आणि वर पंचाण्णव लिहिलं.

खरं माप माझ्या हातात होतं. रजिस्टरात माझंच अक्षर होतं म्हणून मी त्याच्यावर विश्वास ठेवला. आज वही काढून बघितली. खोडलेलं अजून वाचता येतं.

मी डॉक्टर नाही. माशांचीही नाही. पण साडेतीन वर्षांच्या लेकराची उंची आणि त्याची उंची मी छापील तक्त्यात बघितली आहे, आणि आता तो सव्वाचार वर्षांचा आहे. त्याला चौकटीपासून दूर, सपाट जागी, एकदा मोज. किंवा लातूरला लेकरांच्या डॉक्टरकडं ने. मी पुढं येणार नाही. तुला नको असेल तर दवाखान्यातही येणार नाही.

मंजू


नांदेड
१९ ऑगस्ट २०२५

अक्का,

मी येणार नाही म्हणाले आणि आले. काल तू जे बोललीस आणि मी जे बोलले ते जसंच्या तसं लिहून ठेवते. कुठं चुकले ते मला बघायचं आहे. तुला वेगळं आठवत असेल तर तुझं खरं.

श्रावणातला शेवटचा सोमवार होता. अव्वा महादेवाला गेली असेल, घरी कोणी नसेल, म्हणून मी तुझ्या घरावरून न जाता सरळ अंगणवाडीत आले. तू पोरांना खिचडी वाढत होतीस. मला बघितलंस आणि पळी तशीच धरून पोरांना म्हणालीस, ‘बघा रे, नांदेडच्या मॅडम आल्या. तपासनीला आल्या. ताठ बसा.’

पोरं ताठ बसली. एकाच्या नाकावर भात होता.

मी म्हणाले, ‘अक्का, पाच मिनिटं.’

‘मॅडमला सांगा, हितं अक्का कुनी न्हाई. हितं मदतनीस हाय. चौथी पास.’

‘चौथी पास,’ एक पोरगी मोठ्यानं म्हणाली, आणि तू तिला पळी दाखवलीस.

मी चौकटीपाशी गेले. तू अडवलं नाहीस, हे मी लक्षात ठेवलं आहे. पिशवीतून टेप काढला. पन्नासची रेघ जमिनीपासून पंचेचाळीस सेंटिमीटर आणि आठ मिलिमीटर. मी अंदाज केला त्याहूनही थोडं वाईट. मी टेप तिथंच धरून ठेवला, म्हणजे तू येऊन बघशील. तू आली नाहीस. बादली घासत बसलीस.

‘बघ तरी.’

‘मी बघितलंय.’

‘कधी?’

‘तुजं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी.’ तू वर न बघता बोलत होतीस. ‘त्रेसष्ट लेकरं हायत माझ्याकडं. एकेकाला मी हितं हुबं केलं. टाच मागं घे, हनुवटी वर कर. दोन वर्षं. पोरं वाढली म्हनून माझा सत्कार केला, आता तू म्हनतीस फरशी वाढली. मी कुनाला काय सांगू? लेकरांच्या आयांना सांगू? बाईला सांगू? का माझ्याच लेकराला सांगू, बाबा, तू तेवढाच हाईस?’

मी ‘माझी चूक आहे, खुणा मी केल्या’ असं म्हणाले. ते खरं होतं, पण त्या वेळी ते बोलणं म्हणजे तुझ्याकडून चूकसुद्धा काढून घेणं झालं.

तू म्हणालीस, ‘तुजी चूक धुवायला तुला साबन लई मिळतो. तुमच्यात वजा करतात. माझ्याकडं काय हाय?’

शिवांश कोपऱ्यात बसला होता. त्यानं मला ओळखलं. उठून आला नाही, नुसता हात वर केला आणि तसाच ठेवला, खाली घ्यायचा विसरल्यासारखा. बाकीची त्याच्या वयाची लेकरं त्याच्याहून मुठीएवढी उंच आहेत. मी टेप पिशवीत टाकला. त्याला हात लावला नाही. तू बघत होतीस म्हणून नाही. मला भीती वाटली.

दुपारच्या जळकोटच्या गाडीनं परत आले. आणखी काय करायचं असतं ते मला माहीत नाही.

मंजू


नांदेड
९ सप्टेंबर २०२५

अक्का,

पाकीट मिळालं.

वर पत्ता भागवतमामांच्या अक्षरात आहे. आत कागद नव्हता म्हणून आधी वाटलं, रिकामंच आलं. मग पाकीट झटकलं आणि दोरा पडला. पांढरा, फुलं ओवायचा, दुहेरी.

मी तो प्रयोगशाळेत नेला. टेबल पुसलं. ओढून मोजला तर लांबतो, सैल ठेवला तर आखडतो, म्हणून एका टोकाला हलकं वजन बांधून टांगला आणि तसा मोजला. तीनदा. मग सरांना बोलावून त्यांना मोजायला लावलं, मी आकडा न सांगता. सरांनी विचारलं, ‘ही कोणती जात?’ मी म्हणाले, ‘माझा भाचा.’ सर खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी परत मोजलं.

एका टोकाची गाठ टाचेची असणार, दुसरी डोक्याची. एक्क्याण्णव आणि दोन.

दिवाळीत एक्क्याण्णव होतं.

त्यापुढं तू आणखी एक गाठ मारली आहेस. ती कसली ते मला आधी कळेना. चार आणि दोन, तेवढंच अंतर. मग कळलं. ती चौकटीची आहे. चौकट त्याला जेवढा म्हणते तिथं तू गाठ मारलीस, आणि तो जेवढा आहे तिथंही. दोन्ही गाठींच्या मध्ये फरशी आहे.

तू त्याला आडवं करून मोजलंस. निजलेलं असतानाच मोजलं असशील, जागा असता तर पाय हलवले असते. अव्वानं बघितलं का? बघितलं असेल तर तिला काय सांगितलंस? तू ते कसं केलंस याचा विचार मी करत नाही, केला की हात चालत नाही.

दहा महिन्यांत दोन मिलिमीटर. तेवढी चूक माझ्या मोजण्याची असू शकते.

लातूरला लेकरांचे डॉक्टर आहेत, सोमवारी पंधरा तारखेला अकराची वेळ घेतली आहे. तुझ्या नावानं घेतली, माझ्या नाही. सकाळची पहिली गाडी धर, अहमदपूरला बदल, चाकूरवरून साडेनऊपर्यंत पोचशील. मी स्टँडवर उभी असेन. तुला मी नको असेन तर माझ्याकडं बघू नकोस, मी मागच्या मागं चालत येईन आणि दवाखान्याबाहेर थांबेन. दाजींना घेऊन आलीस तरी चालेल. त्याला रात्रीचं जेवण नेहमीसारखंच दे. सकाळी उपाशी आणावं लागतं का ते मी विचारून कळवते. नाही, पत्र पोचणार नाही. दाजींच्या फोनवर कळवते.

मंजू


नांदेड
२० सप्टेंबर २०२५

अक्का,

परवा फोनवर रिपोर्टचं सांगितलं, ते तुला नीट कळलं का याची खात्री वाटत नाही, मधेच दाजी बोलायला लागले. म्हणून परत लिहिते. गळ्यात एक ग्रंथी असते, लेकराला वाढवायचं काम तिच्याकडं. त्याची ती मंद पडली आहे. त्यामुळं तो बसून राहायचा, त्यामुळं गाल. नजर नाही, माप नाही, तुझं अन्नही कमी नाही. सकाळी उपाशीपोटी एक गोळी, पाण्याबरोबर, मग अर्धा तास काही द्यायचं नाही. दुधाबरोबर नको. एक दिवसही चुकवायची नाही.

आता जे फोनवर बोलता आलं नाही ते.

सोमवारी तू गाडीतून उतरलीस आणि शिवांशला माझ्या कडेवर दिलंस. जणू पिशवी दिली. पदरानं तोंड पुसलंस आणि म्हणालीस, ‘चाकूरपर्यंत हुबी होते.’ मग चालताना सगळं सांगितलंस. चौकटीवरच्या खुणा तू विळीनं खरवडून काढल्यास. बाईंना सांगितलंस, बाई म्हणाल्या, ‘आता सत्कार परत करावा लागंल बघ,’ आणि तू म्हणालीस, ‘शाल तर कवाच इरली, नारळ खाल्ला, कागद तेवढा हाय, घेऊन जा.’ मी हसले तेव्हा शिवांशनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि तोही हसला, जरा उशिरानं.

डॉक्टरांनी तपासलं, ग्रंथीचाच अंदाज सांगून रक्त घेतलं. तू त्याला बाहेर पाणी पाजायला नेलंस तेव्हा मी विचारलं होतं, राहिलेली उंची भरून येते का. ते म्हणाले, ‘गोळीनं वाढ सुरू होईल. मागं राहिलेलं किती भरेल ते आत्ता सांगता येत नाही. काही भरेल. सगळं भरेलच असं नाही. वर्ष-दीड वर्ष आधी आला असता तर.’

परतीच्या गाडीत खिडकीतून तू मला विचारलंस, ‘मंजे, गेलेलं माप भरून येतं का गं?’

मी म्हणाले, येतं.

तू मान हलवलीस आणि गाडी सुटली. तू पहिल्यांदा माझ्याकडं बघून काहीतरी विचारलं होतंस आणि मला माहीत नसलेलं मी माहीत असल्यासारखं सांगितलं. पाच दिवस हे घेऊन हिंडते आहे. तुला त्या चौकटीसारखं खोटं माप हातात द्यायला नको होतं. खरं हे आहे: थोडं येईल. किती ते कोणालाच ठाऊक नाही, डॉक्टरांनाही नाही. आणि ते दीड वर्ष माझ्या अक्षरात रजिस्टरात लिहिलेलं आहे.

हे वाचून तुला परत राग आला तर येऊ दे. पण गोळी थांबवू नकोस.

नव्या खुणा करायला मी दसऱ्याला येते. टेपचं खालचं टोक तूच धर. त्रेसष्टच्या त्रेसष्ट लेकरांना परत मोजू, आणि त्यांच्या आया विचारतील तेव्हा तुझ्या शेजारी उभी राहीन. त्यांना काय सांगायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

तुझा दोरा मी टांगूनच ठेवला आहे, खिडकीपासून दूर, म्हणजे दमट हवा लागणार नाही. पुढच्या महिन्यात गोळी सुरू केली त्याच तारखेला दुसरा पाठव. तसाच, फुलांचा, दुहेरी. पहिल्यापेक्षा लांब नसला तरी पाठव.

मंजू